भरलेलं पातेलं, उपाशी पंगत

“सांगा बघू. पातेलं काठोकाठ भरलंय, पानं मांडून झालीत, पंगत बसलीय. तरी एकाच्याही तोंडात घास नाही. असं का?”

हे कोडं केतकी मगदूमने घातलं तेव्हा ती तीन आठवड्यांनी शाळेत आली होती. चेहरा उतरलेला, गणवेश अंगावर ढगळ झालेला, पण डोळ्यांतला खट्याळपणा तसाच. डाव्या दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली आणि कमरेला काडेपेटीएवढा एक पंप. सातवीचा अख्खा वर्ग तिच्याभोवती जमला.

“मीठ वाढायचं राहिलं असंल,” कोणीतरी म्हणालं.

“यजमान अजून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणाले नसतील!” खो-खोच्या संघाची कप्तान नाझनीन मुल्ला म्हणाली आणि सगळे हसले.

“चूक. हे कोडं मला दवाखान्यात मुजावर डॉक्टरांनी घातलं. मला ते सोडवायला दोन दिवस लागले. तुम्ही पण विचार करा.”

पण विचार करायला कोणाला सवडच मिळाली नाही, कारण तेवढ्यात जयकुमार आवटी बाकावर चढला. जयकुमार वर्गाचा मॉनिटर. त्याला सगळं येतं. निदान त्याला स्वतःला तसं वाटतं.

“ऐका! केतकीला शुगर झालीय. शुगर म्हणजे मधुमेह. माझ्या आजोबांना पण आहे, त्यामुळं मला सगळं ठाऊक आहे. गोड खाल्लं की हा आजार होतो आणि साखर बंद केली की माणूस ठणठणीत राहतो. विषय संपला!”

सांगली हे हळदीचं गाव. हळदीच्या गावातल्या मुलाने अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हावं, यात नवल ते काय!

“अरे, तसं नसतं,” केतकी म्हणाली. पण तिचा आवाज टाळ्यांत बुडाला. जयकुमारने ठराव मांडला होता: केतकीच्या काळजीसाठी आजपासून वर्गात गोड बंद. आणि हा ठराव शिकवायचा ठोकळेरावाला.

आता ठोकळेरावाची ओळख करून द्यायला हवी. त्या काळी प्रत्येक वर्गाला एक यंत्रमानव मिळत असे. सातवीचा यंत्रमानव म्हणजे चाकांवर उभं केलेलं एक चौकोनी कपाट. चार हात, पोटात खणांचे कप्पे आणि डोक्यावर सौरपाटी. मधल्या सुट्टीत तो अंगणात ऊन खात बसायचा. यंत्रमानव वर्गात यायचे ते कोऱ्या पाटीचे. मुलं शिकवतील तेवढंच त्यांना यायचं, कारण दुसऱ्याला शिकवताना आपण स्वतः पक्कं शिकतो असा त्यामागचा विचार होता. निम्म्याहून जास्त मुलांनी हात वर केले की ती गोष्ट त्याचा नियम व्हायची. पुसायची असेल तरी तेवढेच हात लागायचे.

हात भराभर वर झाले. “केतकीला साखर नाही. नियम पाठ झाला,” ठोकळेराव म्हणाला.

त्या वर्गाचं मला फार कौतुक वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. बारा-तेरा वर्षांची मुलं ती, पेढ्यावर जीव टाकणारी. पण शब्दाला जागली. वाढदिवसाला चॉकलेट वाटायची पद्धत त्यांनी त्याच दिवशी मोडली. नाझनीनच्या वाढदिवसाला तर अख्ख्या वर्गाला काकडीच्या चकत्या वाटल्या आणि सगळ्यांनी त्या हसतमुखाने खाल्ल्या. मैत्रिणीसाठी एवढं कोण करतं?

केतकी मात्र काकडी खाताना रडवेली झाली होती. सगळ्यांची तोंडं आपल्यामुळे अळणी झाली, असं तिला वाटे. शिवाय ठोकळेराव रोज तिच्या डब्यावर सोंडेसारखा हात फिरवी आणि गोड सापडलं की जप्त करी. “अरे, मी मोजून खाते, मला चालतं,” हे ती सांगून सांगून थकली. मुलं प्रेमाने मान डोलवायची आणि म्हणायची, “बरं, पण नको.”

आणि मग तो मंगळवार आला.

जिल्ह्याचा अंतिम सामना आठवड्यावर आला होता. त्या दिवशी सरावाचा डाव होता आणि केतकी म्हणजे संघातली सगळ्यात चपळ मुलगी. आजारातून उठून तिने पुन्हा जागा मिळवली होती. ती जागा तिला जिवापेक्षा प्यारी होती. दवाखान्यात पडल्यापडल्या ती एकच प्रश्न विचारायची, “मला खेळता येईल ना?” आणि मुजावर डॉक्टर सांगायच्या, “का नाही? फक्त आपलं गणित आपल्याला यायला हवं.”

त्या दुपारी केतकीने गणित बरोबर केलं होतं. डब्यात पोळी-भाजी, भात आणि एक केळं. एवढ्या सगळ्या जेवणापुरतं इन्सुलिन (रक्तातली साखर शरीराला वापरायला मदत करणारा रस) तिने पंपातून घेतलं. पोळी-भाजी खाल्ली, थोडा भात खाल्ला, आणि केळं सोलणार तोच ठोकळेरावाचा हात आला.

“केळं गोड आहे. जप्त.”

“अरे, त्याचं इन्सुलिन मी घेतलंय! दे इकडं!”

“नियम.”

एवढ्यात मैदानावरून हाक आली. खेळाच्या ऐनापुरे बाईंना पुढे बैठक होती, म्हणून डाव लवकर सुरू करायचा होता. केतकीने हात झटकला आणि तशीच पळाली. खेळताना अंगावर काही नको म्हणून पंप, हातातलं घड्याळ आणि ग्लुकोजच्या गोळ्यांची लाल पिशवी हे सगळं, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, ठोकळेरावाच्या पोटात गेलं.

डाव रंगात आला. बघायला सातवीचा अख्खा वर्ग कडेला जमला होता. ऐनापुरे बाई आखणीचा चुना संपला म्हणून तो आणायला शाळेत गेल्या होत्या. केतकी खांबापासून तिसऱ्या चौकोनात बसली होती. नाझनीनने धावत येऊन तिच्या पाठीवर थाप मारली, “खो!”

केतकी उठली नाही.

“अगं खो! ऊठ की!”

“मी नाही उठणार,” केतकी चिडून म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. “मला कुणी काही सांगू नका.”

“हिला झालंय काय? नाटकं करतीय का?” पळणाऱ्या गड्यांपैकी एक म्हणाला. पण नाझनीन समोर येऊन बसली आणि तिचा चेहरा बघून घाबरली. केतकी घामाने निथळत होती, बोटं लटपटत होती, आणि नजर कुठे भलतीकडेच लागली होती.

“बाईंना बोलवा! पळा!” नाझनीन ओरडली. दोघेजण शाळेकडे धावले.

जयकुमार कडेला गुण लिहीत होता, तो आला. “साखर वाढली असणार. कुणीतरी गोड दिलंय हिला. पाणी पाजा, बाकी काही देऊ नका.”

“लाल… पिशवी,” केतकी पुटपुटली. “पातेलं… रिकामं झालं.”

नाझनीन ठोकळेरावाकडे धावली. “तिची लाल पिशवी काढ!”

“लाल पिशवीत साखर आहे. केतकीला साखर नाही. नियम.” कप्पा घट्ट बंद.

“जयकुमार, तिचं घड्याळ! दंडावरची चकती घड्याळाला आकडा कळवते ना? ठोकळेराव, घड्याळ काय म्हणतंय?”

“चौपन्न. बाण खाली. कप्प्यात कधीचं वाजतंय.”

“सत्तरच्या खाली गेलं की धोका, असं तिनं मला सांगितलं होतं,” नाझनीन म्हणाली. “साखर वाढली नाही रे, कमी झालीय! तिला साखर पायजे!”

जयकुमारच्या तोंडचं पाणी पळालं. आजोबांची साखर वाढते, एवढंच त्याला माहीत होतं. साखर कमीही होते आणि तेव्हा साखरच औषध असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं, थांबून आधी नीट समजून घ्यावं, मग बोलावं. पण केतकीची मान खाली जात होती. तो मैदानाकडेच्या ओट्यावर चढला आणि जिवाच्या आकांताने ओरडला:

“सातवीची पोरं, हात वर करा! नियम पुसायचाय!”

“का?” कोणीतरी विचारलं.

“माझं चुकलंय म्हणून! हात वर!”

जयकुमार आवटीचं चुकलं, हे वाक्य त्या शाळेत पहिल्यांदाच ऐकू आलं. सगळ्यांचे हात एकदम वर गेले.

“नियम पुसला,” ठोकळेराव म्हणाला आणि कप्पा उघडला.

केतकी शुद्धीवर होती, गिळू शकत होती, हे नशीब. नाझनीनने तिला ग्लुकोजच्या गोळ्या एकेक करून चघळायला लावल्या. तेवढ्यात ऐनापुरे बाई धापा टाकत आल्या. त्यांनी तिला सावलीत घेतलं, मांडीवर डोकं ठेवलं आणि दवाखान्यात फोन लावला. मुजावर डॉक्टर पलीकडून शांतपणे सांगत होत्या, “बरोबर केलंत. आता एकटं सोडू नका. पंधरा मिनिटांनी आकडा बघा. सत्तरच्या वर गेला की थोडं काही खायला द्या. आणि एक ध्यानात ठेवा, मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची.”

पंधरा मिनिटांनी आकडा ब्याऐंशी झाला. केतकी उठून बसली, आजूबाजूला बघून म्हणाली, “डाव संपला?” आणि नाझनीनला रडूच कोसळलं.

रडं थांबल्यावर ऐनापुरे बाई जे बोलल्या त्याने मात्र केतकीचे डोळे भरले. “पोरी, आता खेळ पुरे. अंतिम सामन्याला तू बाहेर बसून टाळ्या वाजव. मला ही जोखीम नको.”

केतकीने डोळे पुसले. “बाई, बाहेर बसवा, पण आधी उद्या मला एक पंगत मांडू द्या. फक्त एकदा. मग तुम्ही म्हणाल ते.”

दुसऱ्या दिवशी अंगणात पंगत बसली. केळीची पानं, मधोमध मोठं पातेलं, आणि सांगलीची पंगत म्हटल्यावर अन्न कुठलं? चुरमुरे! पोतंभर आणले होते.

“हे पातेलं म्हणजे माझं रक्त,” केतकी म्हणाली. “चुरमुरे म्हणजे ग्लुकोज. पोळी खा, भात खा, केळं खा, पोटात त्याची शेवटी ही साखरच होते आणि रक्तात येते. तुम्ही पानावर बसलेले सगळे माझ्या पेशी (ज्यांचं मिळून शरीर बनतं ते सूक्ष्म घटक). तुम्हाला भूक लागलीय. पण पंगतीत कुणी उठून स्वतःच्या हाताने घेतं का?”

“न्हाई! लाज काढतील!” पोरं म्हणाली.

“मग खा.”

सगळे बसून राहिले. पातेलं भरलेलं, पानं मोकळी. जयकुमारला पातेल्यात चुरमुरे ओतत राहायला सांगितलं होतं, कारण केतकी दिवसातून चारदा जेवायची. पातेलं भरलं, शीग आली, चुरमुरे अंगणभर सांडले.

“वाढपी नाहीत!” नाझनीन एकदम ओरडली. “अगं, कोड्याचं उत्तर! वाढायला माणूसच नाही!”

“बरोबर!” केतकीचा चेहरा उजळला. “इन्सुलिन म्हणजे वाढपी. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. हे वाढपी तिथून येतात. माझ्या शरीराच्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशींनी, चुकून वाढप्यांच्या घरालाच चोरांचं घर समजून ते पाडलं. मी पेढे खाल्ले म्हणून नाही, आईबाबांनी काही केलं म्हणून नाही. आणि माझ्याशेजारी बसून तुम्हाला पण होणार नाही.”

“मग आजोबांचं?” जयकुमारने हळूच विचारलं.

“त्यांच्याकडं वाढपी असतात, पण पेशी त्यांचं पटकन ऐकत नाहीत आणि हळूहळू वाढपीही थकतात. नाव एक, गोष्ट वेगळी. मला रोज बाहेरून वाढपी बोलवावे लागतात. बघा, किती चुरमुरे सांडलेत! सांडलेली साखर शरीर लघवीवाटे बाहेर टाकतं आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. म्हणून आजारी पडले तेव्हा मी तांब्यावर तांबे पाणी प्यायचे आणि सारखी पळायचे कुठं, ते सांगत नाही.”

हसून हसून पंगतीची पानं उडाली.

“ठोकळेराव, आता तू वाढपी हो.”

ठोकळेराव चार हातांनी सरसर वाढू लागला. सगळ्या पानांवर चुरमुरे आले. पोरं खुशीत खाऊ लागली.

“आता कालचा मंगळवार,” केतकी म्हणाली. तिने जयकुमारला पातेल्याच्या अगदी शेजारी बसवलं. “तू माझा मेंदू. मेंदू मोठा मानकरी! तो वाढप्याची वाट बघत नाही, थेट पातेल्यातून घेतो. पण त्याच्याकडं साठवण नाही. क्षणभर अडलं तरी त्याचं चालत नाही. ठोकळेराव, केळ्यासकट सगळ्या जेवणाचे वाढपी आलेत. सोड त्यांना! आणि केळ्याचे चुरमुरे पातेल्यात टाकू नका, ते जप्त झालेत.”

ठोकळेरावाचे चारही हात भरभर चालले. पातेलं निम्मं झालं.

“आता नाझनीन, तुझा संघ म्हणजे माझे स्नायू. खेळताना स्नायूंना पंगतीचे नियम नसतात. धावत या आणि हाताने उचला!”

खो-खोचा अख्खा संघ पातेल्यावर तुटून पडला. केतकी मोठ्याने म्हणाली, “वाढप्यांना परत बोलावता येत नाही! एकदा इन्सुलिन घेतलं की घेतलं!” आणि बघता बघता पातेल्याचा तळ दिसला.

जयकुमारने हात घातला. काही नव्हतं. त्याने पुन्हा चाचपून बघितलं. त्याचं पान मोकळं, पातेलं मोकळं, आणि आजूबाजूला सगळे खातायत.

“मेंदू उपाशी राहिला, म्हणून मी चिडले, म्हणून मला उठता येईना,” केतकी म्हणाली. “अशा वेळी पातेल्यात पटकन काय टाकायचं?”

“साखर,” जयकुमार म्हणाला. “आणि मी तिच्यावरच कुलूप घातलं होतं.”

“तू माझ्यासाठीच घातलं होतंस रे, वेड्या. आणि तूच काढलंस.”

ऐनापुरे बाई खांबाला टेकून सगळं ऐकत होत्या. एवढीशी पोर, रोज स्वतःच्या जेवणाचं गणित करते, सुया टोचून घेते, चाळीस मुलांना हसत हसत शरीरशास्त्र शिकवते, आणि आपण हिला कडेला बसवायला निघालो! त्यांना मनापासून अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं.

“केतकी,” त्या म्हणाल्या, “ठोकळेरावाला नवा नियम काय शिकवायचा, ते तू सांग. आणि बूट घालून ये, सराव आहे.”

नवा नियम सगळ्यांनी मिळून शिकवला: केतकी काय खाते ते केतकी ठरवते. घड्याळ वाजलं तर खेळ थांबवायचा, लाल पिशवी द्यायची, मोठ्या माणसाला हाक मारायची. आणि वाढदिवसाला चॉकलेट पुन्हा सुरू. या शेवटच्या कलमाला सगळ्यात उंच हात कोणाचे गेले, ते सांगायला नको.

अंतिम सामना आला. समोरचा संघ कृष्णेपलीकडच्या शाळेचा. दुसऱ्या डावात केतकी वाऱ्यासारखी धावत होती, दोन गडी तिने एकटीने टिपले. आणि ऐन रंगात जयकुमारच्या मनगटावर तिचं घड्याळ वाजलं.

“केतकी, पंच्याहत्तर, बाण खाली!”

केतकी लगेच हात वर करून बाहेर आली. सगळ्या प्रेक्षकांसमोर ओट्यावर बसली आणि गोळ्या चघळू लागली. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. आकडा वर येईस्तोवर डाव संपला. सांगलीकर एका गुणाने हरले.

“मी बसले नसते तर…” केतकी म्हणाली.

“तू बसलीस म्हणून तर पुढच्या वर्षी खेळणार आहेस,” नाझनीन म्हणाली आणि तिच्या पाठीत एक गुद्दा घातला.

सगळे पाणी पीत असताना पलीकडच्या संघातली एक मुलगी घुटमळत आली. एवढ्या उन्हातही तिच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा होता.

“तू सगळ्यांसमोर खाल्लंस,” ती म्हणाली. “कुणी काही बोललं नाही?”

“बोलायचंय काय त्यात?” जयकुमार म्हणाला. त्याला पुढे बरंच काही समजावून सांगायचं होतं, पण त्याने जीभ आवरली आणि केतकीकडे बघितलं.

केतकी त्या मुलीच्या बाहीकडे बघत होती. मग ती हसली आणि म्हणाली, “एक कोडं सोडव बघू. पातेलं काठोकाठ भरलंय, पानं मांडून झालीत, पंगत बसलीय. तरी एकाच्याही तोंडात घास नाही. असं का?”

केतकीला हे कोडं सुटायला दोन दिवस लागले होते. तिच्या वर्गाला तर कितीतरी दिवस. त्या मुलीने मात्र बाही हळूहळू दंडापर्यंत वर केली. तिथे रुपयाएवढी पांढरी चकती होती.

“वाढायला कुणी नाही म्हणून,” ती म्हणाली. “आमच्या शाळेत हे कुणालाच माहीत नाही.”

“चुरमुरे आहेत आमच्याकडं,” जयकुमार म्हणाला. “पातेलं मोठं लागेल.”

तिकडून तिच्या संघाने तिला हाक मारली. ती वळून त्यांच्याकडे गेली, आणि जाताना तिने बाही खाली ओढली नाही.